यांकीजचा सर्वांत मोठा कॅचर कोण?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. बारा वर्षांचा मुलगा यंदा लिटल लीगमध्ये कॅचर झालाय. आमच्या घरी सगळे क्रिकेटवाले. न्यूयॉर्क यांकीजचा सर्वांत मोठा कॅचर कोण, यावरून त्याची मित्रांशी रोज वादावादी होते. होम रन आणि सरासरी बघून हे ठरवता येतं का? आणि ८ नंबरची जर्सी दोघांच्या नावावर निवृत्त केलीय (म्हणजे तो नंबर पुढे कोणालाच देत नाहीत) म्हणतात, ते कसं काय?

उत्तर:

ताई, मुलाला एका नावावर वाद संपवायचा असेल तर योगी बेरा म्हणू दे, कोणी हरकत घेणार नाही. होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) आणि सरासरीवरून ठरवायला मात्र माझा साफ नकार आहे. शाळेत सॉफ्टबॉल खेळताना मी स्वतः कॅचर होतो, आणि इकडे आल्यापासून मुलांना कॅचिंग शिकवतो. यांकीजच्या कॅचरांचा इतिहास वाचताना माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं : याला कोणी शिकवलं, आणि याने पुढे कोणाला शिकवलं? तुमच्या ८ नंबरच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

आधी कामाबद्दल दोन शब्द, कारण क्रिकेटच्या घरात कॅचर म्हणजे विकेटकीपर असं धरून चालतात. बसण्याची जागा तीच, पण कामाचा पसारा वेगळा. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, कुठला चेंडू टाकायचा हे बहुतेक वेळा कॅचर सुचवतो. दर सामन्यात साधारण दीडशे वेळा तो बसतो-उठतो. जमिनीवर आपटलेला चेंडू छातीने, मांडीने, जमेल तसा अडवतो. तो पकडायचा नसतो, समोर पाडायचा असतो. पहिल्या बेसवरचा धावपटू दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका बसायच्या आधीच तिकडे पळायला, निघाला की बसल्या जागेवरून उठून १२७ फुटांवर फेक करायची असते. चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्यात, पडल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर ठीक, १.९च्या आत आलात तर लोक माना वळवून बघतात. यातलं काहीच बॅटिंगच्या तक्त्यात दिसत नाही.

ही फेक जमत नसेल तर काय होतं, याचा नमुना यांकीजच्या अगदी सुरुवातीच्या काळात आहे. तेव्हा संघाचं नाव हायलँडर्स होतं. २८ जून १९०७ रोजी वॉशिंग्टनच्या संघाने एका सामन्यात त्यांच्याविरुद्ध १३ बेस चोरले. दुखऱ्या हाताने खेळणाऱ्या त्या कॅचरचं नाव ब्रँच रिकी. खेळाडू म्हणून तो लवकरच संपला, पण संघचालक म्हणून त्याने बेसबॉल बदलून टाकलं. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रुकलिन डॉजर्समध्ये आणून वर्णभेदाची भिंत पाडली ती यानेच. रिकीचं नाव लक्षात ठेवा, बेराच्या गोष्टीत तो पुन्हा येतो.

खरी परंपरा सुरू होते बिल डिकीपासून. अर्कान्सासमध्ये वाढलेला, उंच, शांत, डावखुरा बॅटर. १९२८ मध्ये आला आणि १९२९ ते १९४१ सलग तेरा मोसम दरवर्षी शंभराहून जास्त सामन्यांत कॅचर म्हणून उभा राहिला. त्या काळचे मास्क आणि पॅड, उन्हाळ्यातल्या दुहेरी लढती, रेल्वेचा प्रवास हे सगळं धरून हा आकडा बघा. कारकिर्दीची सरासरी ०.३१३ (म्हणजे हजार वेळा बॅटिंग केली तर ३१३ यशस्वी फटके), होम रन २०२. १९३६ साली तर ०.३६२. खेळाडू म्हणून सात वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिका, जिंकल्या. लू गेरिग त्याचा दौऱ्यावरचा खोलीतला सोबती. शांत म्हटलं खरं, पण १९३२ मध्ये होम प्लेटवरच्या (बॅटर उभा राहतो आणि धाव पूर्ण होते ती जागा) धडकेनंतर त्याने वॉशिंग्टनच्या कार्ल रेनॉल्ड्सचा जबडा एका ठोशात मोडला होता. तीस दिवस बंदी आणि हजार डॉलर दंड. मुलाला हा भाग सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

युद्धात नौदलात जाऊन तो परतला, थोडा खेळला, १९४६ मध्ये काही महिने मॅनेजरही झाला आणि संघ सोडून गेला. माझ्या दृष्टीने त्याचं सर्वांत मोठं काम त्यानंतरचं आहे.

बेरा सेंट लुईसचा. 'द हिल' नावाच्या इटालियन वस्तीत वाढलेला, बुटका, रुंद खांद्यांचा. त्याचं नाव लॉरेन्स. भारतावरच्या एका चित्रफितीत मांडी घालून बसलेला योगी मित्रांनी पाहिला आणि हा आपली बॅटिंग यायची वाट बघत अगदी तसाच बसतो म्हणून त्याला 'योगी' म्हणायला लागले. आपल्याकडे या नावाने उगाच अध्यात्म शोधतात, तसं काही नाही. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचा कारभार तेव्हा रिकीकडे होता. त्याने बेराच्याच गल्लीतल्या जो गाराजिओलाला पाचशे डॉलर बोनस दिला आणि बेराला तेवढा द्यायला तयार झाला नाही. बेरानेही हट्ट धरला : मित्राला पाचशे तर मलाही पाचशे. ते पाचशे शेवटी यांकीजनी दिले. बेसबॉलच्या इतिहासात याहून स्वस्त सौदा शोधून सापडणार नाही.

पण १९४७ चा बेरा म्हणजे बॅट घेतलेला एक अर्धाकच्चा कॅचर. त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने बदली बॅटर म्हणून होम रन मारला, सीरिजच्या इतिहासातला असा पहिला. त्याच सीरिजमध्ये डॉजर्सचे धावपटू त्याच्यावर मोकाट सुटले आणि त्याला पुढच्या सामन्यांत आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, पाठवावं लागलं. असा खेळाडू दिसला की आजही पुष्कळ प्रशिक्षक म्हणतात, "बॅटिंग चांगलीय ना, मग त्याला पहिल्या बेसवर टाका." १९४९ मध्ये नवा मॅनेजर केसी स्टेंगेल आला आणि त्याने डिकीला कोच म्हणून परत बोलावलं. काम एकच, बेराला कॅचर करायचं.

डिकीने त्याची फेक दुरुस्त केली ती पायांपासून. बहुतेक पालकांना इथेच कळत नाही. मुलाची फेक कमी पडते म्हटलं की ते दंडाच्या व्यायामाला लागतात, आणि दोष असतो पावलांत. चेंडू येता येताच उजवं पाऊल पुढे-आत सरकलं पाहिजे, मिटमधून चेंडू कानाजवळ यायला वेळ लागता कामा नये, आणि बॅटरपासून मागे मागे बसायची सवय सोडली पाहिजे. ही घडी बसली की साधा हातसुद्धा पुरतो. बेराचं तसंच झालं. १९५७ ते १९५९ या काळात तो कॅचर म्हणून सलग १४८ सामने एकही एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) न करता खेळला. एकेकाळी ज्याला आउटफिल्डला हाकलला होता, तोच माणूस.

बाकीचं तुमच्या मुलाला पाठ असेल : १९५१, १९५४ आणि १९५५ अशी तीन एमव्हीपी (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान), ३५८ होम रन, खेळाडू म्हणून दहा वर्ल्ड सीरिज. मला त्यातला कमी बोलला जाणारा आकडा आवडतो. १९५० च्या अख्ख्या मोसमात तो फक्त बारा वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. आजचे चांगले बॅटर दोन-तीन आठवड्यांत तेवढे होतात. डोक्यावरचा, पायाजवळचा, कुठलाही चेंडू तो मारायचा. मुलांना हे शिकवू नये, पण बघायला मजा येते. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉन लार्सनने वर्ल्ड सीरिजमध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे सत्तावीस बॅटर आले आणि एकही बेसवर पोचला नाही. तेव्हा मिट बेराचं होतं. शेवटच्या आउटनंतर त्याने धावत जाऊन लार्सनला मारलेली मिठी सगळ्यांनी पाहिलेली असते. त्याआधीच्या दोन तासांत कुठला चेंडू कधी टाकायचा ते तो ठरवत होता, आणि लार्सन त्याचं ऐकत होता, हे फोटोत येत नाही.

आता ८ नंबर. तो आधी डिकीचा, मग बेराचा. १९७२ मध्ये, बेरा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला त्याच वर्षी, क्लबने तो दोघांच्या नावाने एकदम निवृत्त केला. गुरू आणि शिष्य एकाच नंबरवर. क्लबच्या कार्यालयाने हिशेबाची सोय म्हणून केलं असेल, तरी शोभून दिसतं.

यापुढचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं, आणि मी शिकवताना सगळ्यात जास्त घेतो : एल्स्टन हॉवर्ड. तोही सेंट लुईसचा. निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळून आलेला. रॉबिन्सन १९४७ मध्ये डॉजर्सकडून उतरला. यांकीजना आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवायला १४ एप्रिल १९५५ उजाडावं लागलं. आठ वर्षं. या काळात संघ जिंकत होता म्हणून फारसं कोणी हटकलं नाही, पण डाग तो डागच. त्यात १९५४ च्या सरावात त्यांनी आउटफिल्डर हॉवर्डला कॅचर बनवायला घेतलं, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम कॅचरच्या मागे रांगेत उभं केलं. शिकवायला पुन्हा डिकीच. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे, शिकवणीबद्दल नाही.

२८ सप्टेंबर १९५५. वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना, समोर डॉजर्स. हॉवर्डने सीरिजमधल्या आपल्या पहिल्याच बॅटिंगला होम रन मारला. त्याच सामन्यात रॉबिन्सनने थेट होम प्लेट चोरली. अंपायर म्हणाला सेफ, आणि मास्क काढून त्याच्या अंगावर धावून गेलेला बेरा पुढची साठ वर्षं 'आउट होता' म्हणत राहिला. रिकीने संधी दिलेला खेळाडू, रिकीने पाचशे डॉलरसाठी सोडलेला खेळाडू, आणि यांकीजनी आठ वर्षं उशिरा दार उघडलेला खेळाडू, तिघे एका सामन्यात. चित्रीकरण उपलब्ध आहे. मुलाला दाखवा, आणि निकाल त्यालाच देऊ द्या.

हॉवर्डला पूर्णवेळ मिट मिळालं १९६१ मध्ये, आणि ते दिलं राल्फ हौक या नव्या मॅनेजरने. हौक स्वतः बेराच्या मागे बसून राहिलेला राखीव कॅचर; आठ मोसमांत मिळून ९१ सामने खेळलेला. बाकावर बसून त्याने काय बघितलं असेल ते त्याच्या पहिल्याच निर्णयात दिसतं. बेरा आउटफिल्डला गेला, हॉवर्डने त्या वर्षी ०.३४८ ची सरासरी काढली. तिसरा कॅचर जॉनी ब्लँचर्ड धरला तर तिघांचे मिळून ६४ होम रन झाले. १९६३ मध्ये हॉवर्ड अमेरिकन लीगचा (दोन मोठ्या लीगपैकी यांकीजची) एमव्हीपी, हा मान मिळालेला त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हॉल ऑफ फेममध्ये तो नाही. सगळ्या उमेदीची वर्षं कॅचिंगला मिळाली असती तर असता, असं मला ठामपणे वाटतं. निव्वळ प्लेटमागचं काम पाहायचं तर मी त्याला बेराच्याही वर ठेवेन, यावर माझ्याशी भांडायला कोणीही यावं.

बॅटरांनी सराव करताना बॅटवर चढवायची ती वजनाची गोल कडी तुमच्या मुलाने वापरली असेल. ती लोकप्रिय करण्यात हॉवर्डचा हात होता.

१९६९ मध्ये हॉवर्ड कोच होऊन परतला, अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कोच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायोचा एक तिरसट, पुढे जाड मिशा राखणारा मुलगा संघात आला : थर्मन मन्सन. मॅनेजर हौक, कोच हॉवर्ड, आणि १९७६ पासून बेराही कोच. ज्या कॅचरच्या डगआउटमध्ये ही माणसं बसलेली आहेत त्याला प्रश्न विचारायला लांब जावं लागत नाही. १९७० मध्ये मन्सन वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. १९७१ मध्ये कॅचर म्हणून त्याच्या नावावर अख्ख्या मोसमात एकच एरर आहे, आणि तोही बाल्टिमोरच्या खेळाडूशी धडकून बेशुद्ध पडल्यावर हातातून चेंडू सुटला म्हणून. पुढे खांदा गेला, फेका बिघडल्या, तरी बेसवर माणसं असताना त्याच्यासारखा बॅटर त्या संघात दुसरा नव्हता. १९७६ मध्ये त्याला कप्तान केलं. गेरिगनंतर यांकीजना कप्तानच नव्हता. त्याच वर्षी एमव्हीपी. वर्ल्ड सीरिजमध्ये सिनसिनाटीने धुऊन काढलं, त्यातही मन्सनची सरासरी ०.५२९, समोरच्या जॉनी बेंचची ०.५३३. १९७७ आणि १९७८ मध्ये संघ जिंकला.

बायको-मुलं ओहायोतल्या कँटनला, आणि सुट्टीच्या दिवशी घरी पोचता यावं म्हणून तो विमान चालवायला शिकला. २ ऑगस्ट १९७९ रोजी ॲक्रन-कँटन विमानतळावर विमान उतरवण्याचा सराव करताना अपघात झाला. वय ३२. दुसऱ्या दिवशी सामन्याच्या सुरुवातीला आठ खेळाडू मैदानात उतरले आणि प्लेटमागची जागा मोकळी ठेवली. प्रेक्षक कितीतरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. चार दिवसांनी सगळा संघ कँटनला अंत्यविधीला जाऊन आला, आणि त्याच रात्री बाल्टिमोरविरुद्ध ५-४ असा जिंकला. पाचही धावा त्याचा मित्र बॉबी मर्सरच्या बॅटमुळे आल्या. मन्सनचा १५ नंबर लगेच निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये हॉवर्डही गेला.

इथे साखळी तुटली. १९८० च्या दशकात आणि नंतर यांकीजकडे कॅचर होते, वाईट नव्हते : सेरोन, वायनेगर, नोक्स, स्टॅनली. १९९६ च्या वर्ल्ड सीरिजमधला लेरिट्झचा होम रन कोण विसरेल? पण एकही दहा-बारा वर्षं टिकला नाही. बेराचंही बिनसलं होतं. १९८५ मध्ये मॅनेजर म्हणून अवघ्या सोळा सामन्यांनंतर मालक स्टाइनब्रेनरने त्याला काढलं, तेही निरोप्या पाठवून. चौदा वर्षं बेरा स्टेडियमच्या पायरीवर चढला नाही. क्लबचं सर्वांत मोठं कॅचिंगचं ज्ञान तासाभराच्या अंतरावर माँटक्लेअरमध्ये घरी बसून होतं.

१९९९ मध्ये मालकाने स्वतः येऊन माफी मागितली. १८ जुलैला 'योगी बेरा दिवस' साजरा झाला, लार्सनने पहिला चेंडू टाकला आणि बेराने तो कॅचर जो जिरार्डीचं मिट उसनं घेऊन पकडला. मग त्याच मिटने जिरार्डीने डेव्हिड कोनचा परफेक्ट गेम पकडला. असं कोणी कथेत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

जिरार्डीमागे तेव्हा होर्हे पोसाडा तयार होत होता. पोर्तो रिकोचा, मुळात इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक); मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या तयारीच्या लीगमध्ये, त्याला कॅचर बनवलं. जिरार्डीने आपलीच जागा घेणाऱ्याला मन लावून तयार केलं आणि २००० पासून ती त्याच्यावर सोडली. बेरा दर वसंतात सरावाला यायचा तेव्हा पोसाडा त्याच्याभोवती असायचा. पोसाडाचे २७५ होम रन आणि २००७ मधली ०.३३८ ची सरासरी हॉल ऑफ फेमला का पटली नाही? २०१७ मध्ये त्याला पाच टक्केही मतं पडली नाहीत. कारण प्लेटमागे तो कधीच वरच्या दर्जाचा मानला गेला नाही. २००९ च्या बाद फेरीत खुद्द जिरार्डी मॅनेजर असताना ए. जे. बर्नेट पिच करणार म्हटलं की पोसाडाला बसवून होसे मोलिनाला उतरवायचा. मोलिनाची बॅट यथातथाच, पण काठावरचा चेंडू तो असा काही अलगद घ्यायचा की अंपायरला स्ट्राइक (झोनमधून गेलेला, बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू) वाटावा. यालाच फ्रेमिंग म्हणतात. पुढे कॅमेऱ्यांनी त्याची मोजदाद सुरू केली तेव्हा मोलिना अगदी वर निघाला.

म्हणून गॅरी सांचेझचं नाव मित्र घेत असतील तर हसून सोडून द्या. २०१६ मध्ये ५३ सामन्यांत २० होम रन मारले तेव्हा आम्हीही खुर्चीवरून उठलो होतो. पण २०१८ मध्ये १८ पास्ड बॉल, म्हणजे अडवता येण्याजोगे आणि सुटलेले चेंडू, पिचरला किती जड जातात ते पिचरलाच विचारा. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना तो खाली आपटणारा चेंडू टाकायला कचरतो. २०२२ मध्ये क्लबने दिशा बदलली : होसे ट्रेव्हिनो आला आणि त्याच वर्षी प्लॅटिनम ग्लोव्ह, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा मान, घेऊन गेला, हा मान मिळालेला पहिला यांकी. काइल हिगाशिओकाचंही नाव घ्या. मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं घासलेला राखीव माणूस, पण २०२३ मधला डोमिंगो हेर्मानचा परफेक्ट गेम त्याच्या मिटमध्ये आहे. यांकीजचे परफेक्ट गेम चार : बेरा, पोसाडा, जिरार्डी, हिगाशिओका. चार वेगळे कॅचर, आणि त्यातल्या दोघांना बॅटिंगवरून कोणी ओळखत नाही.

ऑस्टिन वेल्सकडे मुलाने लक्ष द्यावं. मायनर लीगमध्ये असताना 'बॅट आहे, पण कॅचर म्हणून टिकणार नाही' असंच त्याच्याबद्दल बोललं जायचं, १९४७ च्या बेरासारखंच. २०२४ मध्ये तो नव्या खेळाडूंच्या मतदानात तिसरा आला, त्यात फ्रेमिंगचा वाटा मोठा. एक गुडघा जमिनीवर टेकून तो कसा बसतो, खालचा चेंडू मिट खालून वर आणत कसा घेतो ते बघायला सांगा. २०२६ पासून स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची सोय आलीय, कॅचरही ते देऊ शकतो. त्यामुळे फ्रेमिंगची किंमत थोडी उतरेल आणि स्ट्राइक झोन डोक्यात पक्का असलेल्या कॅचरची वाढेल, असा माझा अंदाज.

माँटक्लेअरला विद्यापीठाच्या आवारात बेराचं संग्रहालय आहे, तुमच्या न्यू जर्सीतच. एखाद्या शनिवारी घेऊन जा. तोवर सरावासाठी एवढंच : फेक राहू दे, महिनाभर फक्त पावलं. भिंतीवर टेनिस बॉल मारायचा, परत येताना बसून घ्यायचा, उजवं पाऊल टाकून उभं राहायचं, आणि चेंडू हातातच ठेवायचा.